एक दारुडा हवा आहे

शनिवार, ११ मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एक उंच, सडसडीत माणूस येरझारा घालतोय. वय ३९. खिशात जेमतेम दहा डॉलर, आणि हॉटेलचं बिल कसं चुकवायचं याची विवंचना. रबराची यंत्रं बनवणारी एक कंपनी ताब्यात घेण्यासाठी भागधारकांची मतं गोळा करायला तो न्यूयॉर्कहून इथं आला होता. ती लढाई तो हरला. बरोबरची मंडळी परत गेली आणि परक्या गावात शनिवारची संध्याकाळ त्याच्या अंगावर आली.

लॉबीच्या एका टोकाला बार होता. आतून हसण्याबोलण्याचे, ग्लासांच्या किणकिणाटाचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि त्याच्याजवळ गावातल्या चर्चांची यादी लावलेली होती.

पाच महिने त्यानं दारूला हात लावलेला नव्हता. आता मनात एक साधासुधा विचार डोकावला: आत जाऊन नुसतं जिंजर एल घेतलं तर काय बिघडलं? चार लोक भेटतील, वेळ जाईल. ज्यांनी दारू सोडण्याचा प्रयत्न केलाय त्यांना हा विचार चांगलाच ओळखीचा असेल. तो कधी राक्षसाच्या रूपात येत नाही. ‘नुसतं बसायला’ म्हणून येतो.

या माणसाचं नाव बिल विल्सन. त्या क्षणी तो भ्याला, आणि पुढचं सगळं त्या भीतीतून घडलं. आपण वाचायचं असेल तर आपल्याला आत्ताच्या आत्ता एक दारुडा हवा, असं त्याला वाटलं. डॉक्टर किंवा पाद्री नको होता, बायकोचा फोनही नको होता. हवा होता तो आपल्यासारखाच बुडालेला माणूस. तो बारकडे पाठ करून टेलिफोनकडे वळला.

हा विचार त्याच्या डोक्यात आला कुठून, हे समजायला सहा महिने मागं जावं लागतं.

१९३४ च्या नोव्हेंबरात ब्रुकलिनमधल्या घरी बिल एकटाच पीत बसला होता. शेअरबाजारात एकेकाळी त्याचं नाव होतं. आता बायको लोइस दुकानात नोकरी करून घर चालवत होती. त्या दिवशी एबी थॅचर नावाचा जुना पिणारा दोस्त भेटायला आला. बिलनं स्वयंपाकघरातल्या टेबलावरून ग्लास पुढं सरकवला, आणि एबीनं तो नाकारला. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या एका ख्रिस्ती मंडळाच्या नादानं त्यानं दारू सोडली होती. आपल्या चुका दुसऱ्यापाशी कबूल करायच्या, ज्यांचं नुकसान केलं त्यांना भरपाई द्यायची आणि इतरांच्या कामी यायचं, अशी त्या मंडळाची रीत. देवाधर्माची भाषा बिलला पटणारी नव्हती. पण सांगणारा एबी होता, आणि एबी किती पितो हे बिलला पुरतं ठाऊक होतं. त्यामुळं हसून उडवून लावता येईना.

११ डिसेंबर १९३४ ला बिल न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. त्याची तिथली ही पहिली खेप नव्हती. तिथले डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांचं मत त्या काळाच्या मानानं धाडसी होतं. दारुडेपणाला ते नीतीचा प्रश्न मानत नसत. एक घोट पोटात गेला की शरीर थांबू देत नाही, आणि घोट नसला की मन स्वस्थ बसू देत नाही, अशा दुहेरी पेचातला हा आजार आहे, असं ते सांगत. या मुक्कामात बिलला एक विलक्षण आध्यात्मिक अनुभव आला. खोली प्रकाशानं भरून गेली, असं वर्णन त्यानं पुढं केलं आहे. आपल्याला वेड तर लागलं नाही ना, असं त्यानं डॉक्टरांना विचारलं. जे काही झालंय ते सोडू नका, असं डॉक्टरांनी सुचवलं.

बाहेर पडला तो उपदेशकाच्या आवेशात. न्यूयॉर्कभरचे दारुडे गाठायचे, घरी आणायचे, जेवू घालायचे आणि आपल्याला दिसलेला प्रकाश त्यांना सांगायचा. पाच महिन्यांत सुधारलेल्यांची संख्या: शून्य. खचून त्यानं हे लोइसला सांगितलं, तेव्हा तिनं एकच गोष्ट लक्षात आणून दिली: या सगळ्या खटाटोपात तू स्वतः मात्र प्यायलेला नाहीस. दुसरा धागा डॉ. सिल्कवर्थनी दिला. लोकांना प्रकाशाच्या गोष्टी सांगणं थांबव, आधी आजार सांग. आणि तो तुझ्या तोंडून ऐकला तर कदाचित त्यांना पटेल.

बायकोचं निरीक्षण आणि डॉक्टरांचा सल्ला हे दोन्ही धागे तो ॲक्रनला येताना घेऊन आला होता. ते अजून एकमेकांत गुंफले गेले नव्हते.

लॉबीतल्या यादीतून त्यानं एक नाव उचललं: रेव्हरंड वॉल्टर टंक्स. फोन लावून आपलं विचित्र मागणं सांगितलं. मी सुटू पाहणारा दारुडा आहे, मला इथल्या दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. पाद्रीबुवांनी फोन आपटला नाही. योगायोग असा की ऑक्सफर्ड ग्रुपशी त्यांचा संबंध होता. त्यांनी दहा नावं दिली.

बिल एकामागून एक फोन लावत गेला. शनिवारची संध्याकाळ, लोक घराबाहेर. कुणी सापडेना; सापडला तर त्याच्याजवळ दारुडा नव्हता. यादी संपत आली तेव्हा त्यांतल्या एकानं सुचवलं की हेन्रिएटा सायबरलिंगना विचारून पाहा. हे आडनाव ऐकून बिल बिचकला. फ्रँक सायबरलिंग म्हणजे गुडइयर टायर कंपनीचा संस्थापक. शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरच्या बाईला फोन करून ‘दारुडा आहे का?’ असं कोण विचारणार? तो पुन्हा लॉबीत फेऱ्या मारू लागला. बारचे आवाज चालूच होते. शेवटी त्यानं फोन उचलला.

हेन्रिएटा ही फ्रँक सायबरलिंगची सून. नवऱ्यापासून वेगळी झालेली. सासऱ्यांच्या ‘स्टॅन हायवेट’ या हवेलीच्या प्रवेशद्वाराजवळच्या छोट्या घरात, गेट लॉजमध्ये, ती मुलांना घेऊन राहत होती. बिलनं स्वतःची ओळख मोठ्या विनोदी सुरात न्यूयॉर्कचा अट्टल पिणारा अशी करून दिली. ती ना हसली, ना चिडली. तिला वाटलं, आपण ज्याची वाट पाहत होतो तो माणूस आला.

कारण तिच्याकडे खरंच एक दारुडा होता.

डॉ. रॉबर्ट स्मिथ ऊर्फ डॉ. बॉब, गुदविकारांचे शल्यविशारद. वय ५५. गावात नाव असलेले, पण हात थरथरणारे. शस्त्रक्रियेआधी गोळ्यांनी हात स्थिर करायचे आणि संध्याकाळ झाली की प्यायचं, असा त्यांचा दिनक्रम. झोप न येण्याची आणि दारू संपण्याची, अशा दोन भीती घेऊन ते जगत. अमेरिकेत दारूबंदी होती त्या वर्षांत डॉक्टरांना औषध म्हणून मद्य लिहून देता येई. हे महाशय टेलिफोन डिरेक्टरीतून वाटेल ते नाव उचलत आणि त्या नावानं चिठ्ठी लिहीत. पत्नी ॲन खिसे तपासायची, म्हणून बाटल्या कोळशाच्या ढिगात लपवायच्या, पायमोज्यांत खोचायच्या. एकानं डिरेक्टरीतून नाव उचललं ते पिण्यासाठी, दुसऱ्यानं चर्चच्या यादीतून उचललं ते न पिण्यासाठी. या दोघांची गाठ पडायची होती.

विशेष म्हणजे डॉ. बॉब त्याच ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये अडीच वर्षं जात होते. या रबराच्या शहरात तो ग्रुप आला तोही दारूच्याच वाटेनं. टायरसम्राट हार्वे फायरस्टोन यांचा मुलगा रसेल या ग्रुपमुळं दारूतून सावरला होता, म्हणून कृतज्ञतेनं त्यांनी १९३३ मध्ये त्या मंडळींना गावात बोलावलं. डॉ. बॉब बैठकांना बसत, पुस्तकं वाचत, प्रार्थना करत आणि घरी जाऊन पीत. काही आठवड्यांपूर्वी टी. हेन्री विल्यम्स यांच्या घरी एका बैठकीत त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि आपलं पिणं कबूल केलं. सगळ्यांनी गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. पिणं थांबलं नाही.

हेन्रिएटानं लगेच ॲनला फोन केला. त्या दिवशी मात्र येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मातृदिन, म्हणून डॉक्टरांनी बायकोसाठी फुलझाडाची कुंडी आणली होती. कुंडी टेबलावर ठेवली होती आणि आणणारा नशेत आडवा झाला होता. उद्या येऊ, असं ठरलं.

रविवार, १२ मे, संध्याकाळचे पाच. डॉक्टर गेट लॉजच्या दारात आले ते हँगओव्हरनं पिळून निघालेले. ॲनला आधीच बजावलं होतं: पंधरा मिनिटं, फार तर. हेन्रिएटानं दोघांना पुस्तकांच्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं.

ते बाहेर आले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

आत काय झालं? चमत्कार म्हणावा असं काही नाही. बिलनं यावेळी उपदेश केला नाही. तो स्वतःचं पिणं सांगत गेला. कसं लपवलं, कसं खोटं बोललो, लोइसला दिलेल्या शपथा कशा मोडल्या, मग सिल्कवर्थ काय म्हणाले. आणि एक गोष्ट त्यानं स्पष्ट केली. मी तुमच्यावर उपकार करायला आलेलो नाही. काल संध्याकाळी मी बारच्या दारापर्यंत गेलो होतो, आणि तुमच्याशी बोलण्याची गरज मला आहे.

इथं जरा थांबून विचार करू. डॉ. बॉबना कशाची उणीव होती? दारू शरीराचं काय करते हे शल्यविशारदाला कुणी शिकवावं? देवाचं नाव होतं, सत्संग होता, जीव टाकणारी बायको होती, लाज होती, धाक होता. सोडण्याच्या सगळ्या उपायांची यादी त्यांनी आपल्या अंगावर संपवली होती. त्या संध्याकाळी यादीत एकाच गोष्टीची भर पडली. समोर बसलेला माणूस त्याच खड्ड्यातून बोलत होता. दारूबद्दल अनुभवातून बोलणारा हा आपल्याला भेटलेला पहिलाच माणूस, असं डॉक्टरांनी पुढं लिहून ठेवलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही आपल्याकडची म्हण. ॲक्रनमध्ये त्यापुढचं अर्धं वाक्य सापडलं: आणि ज्याला कळतं, त्याचंच जळणं ते सांगताना थोडं शांत होतं. लोइसनं पाहिलेलं आणि सिल्कवर्थनी सुचवलेलं, असे दोन्ही धागे त्या खोलीत गुंफले गेले.

पण शोध एकदा लागून भागत नाही. तो टिकतो का, हे पाहावं लागतं.

पहिली परीक्षा महिनाभरातच आली. ॲननं बिलला आपल्याच घरी राहायला बोलावलं होतं. जूनमध्ये डॉ. बॉब वैद्यकीय अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला निघाले. आगगाडीतच प्यायला सुरुवात झाली आणि पुढं काही दिवस माणसाचा पत्ता नाही. परत आले ते उचलून आणायच्या अवस्थेत. त्यातच त्यांच्या नावावर एक शस्त्रक्रिया ठरलेली, मोजून तीन दिवसांवर. ॲन आणि बिल यांनी त्यांना कसंबसं सावरलं. त्या सकाळी हॉस्पिटलकडे नेताना बिलनं हात स्थिर राहावा म्हणून त्यांच्या हातात बिअरची एक बाटली दिली.

शस्त्रक्रिया पार पडली. डॉक्टर मात्र घरी येईनात. तास गेले. ॲन आणि बिल यांच्या मनात एकच शंका. शेवटी आले ते शुद्धीत, आणि शांत. इतका वेळ ते गावभर फिरत होते. ज्यांचे पैसे थकवले, ज्यांना तोंड चुकवत होतो, त्यांची दारं ठोठावून बोलत होते. ती बिअर त्यांच्या आयुष्यातली शेवटची दारू ठरली. संस्थेच्या नोंदीप्रमाणे तो दिवस १० जून १९३५. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ‘ए.ए.’, आपला जन्मदिवस तोच मानते. १९५० मध्ये डॉक्टर वारले तोवर त्यांनी पुन्हा दारू घेतली नाही.

दुसरी परीक्षा: हे तिसऱ्याला लागू पडतं का? बॉबनी सिटी हॉस्पिटलमध्ये नर्सला फोन करून दारूवर इलाज सापडल्याचं सांगितलं. डॉक्टरांना ओळखणाऱ्या त्या नर्सनं तो स्वतःवर करून पाहिलात का, असा टोला हाणला. रुग्ण मात्र तिच्याकडे होता: एक वकील, नुकतीच दोन नर्सना मारहाण करून खाटेला बांधलेला. सहा महिन्यांत तो आठव्यांदा दाखल झाला होता. दोघं खाटेशेजारी बसले आणि आपापली कथा सांगू लागले. हे दोघं जे बोलतायत ते त्यांना माहीत आहे, एवढं वकिलाला कळलं. ४ जुलैला तो बाहेर पडला आणि पुन्हा कधी प्यायला नाही. बिल डी. या नावानं तो या चळवळीचा तिसरा सदस्य म्हणून ओळखला जातो. दोन माणसं म्हणजे मैत्री. तिसरा आला तेव्हा गट झाला.

हे सगळ्यांना जमलं असं मात्र नाही. त्या उन्हाळ्यात आणखी काहींवर प्रयत्न केले, ते फसले. ज्यानं बिलला पहिली वाट दाखवली, तो एबी थॅचर पुढं अनेकदा घसरला. १९३७ च्या नोव्हेंबरात बिल आणि बॉबनी बसून नावं मोजली तेव्हा ॲक्रन आणि न्यूयॉर्क मिळून सुमारे चाळीस जण टिकलेले दिसले. अडीच वर्षांचं एवढंच पीक. पण बी उगवतं हे सिद्ध झालं होतं. १९३९ मध्ये या अनुभवांचं पुस्तक निघालं, त्यात बारा पायऱ्या मांडल्या गेल्या. त्याच वर्षी पुस्तकाचं नाव संस्थेलाही लाभलं. मार्च १९४१ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात लेख आला आणि वर्षभरात सदस्यसंख्या दोन हजारांवरून आठ हजारांवर गेली. घरातल्या माणसांचंही काही दुखतं, हे ओळखून लोइसनं १९५१ मध्ये ‘अल-ॲनॉन’ सुरू केलं.

विज्ञानानं याची दखल उशिरा घेतली. २०२० मध्ये कॉक्रन या संस्थेनं २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी यांचा आढावा घेतला. दारूपासून सलग पूर्ण दूर राहण्याच्या निकषावर, ए.ए. आणि तिच्या बारा पायऱ्यांकडे पद्धतशीर वळवणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. बाकीच्या बहुतेक निकषांवर ते त्यांच्या तोडीस तोड होते. पुस्तकांच्या खोलीतल्या गप्पांना आकड्यांचा आधार मिळायला ८५ वर्षं लागली.

हा दिवा आपल्याकडेही फार उशिरा आला नाही. १९५० च्या दशकात मुंबईत ए.ए.च्या बैठका सुरू झाल्या. शाळेचा रिकामा वर्ग, चर्चची खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, चहा. कुणी फक्त नाव सांगतो आणि ‘मी दारुडा आहे’ म्हणतो, बाकीचे ऐकतात. फी नाही, हजेरीपट नाही. १९८६ मध्ये अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं केलं. ती वेगळी संस्था, उपचारांची रीतही वेगळी. पण तिथंही व्यसनातून बाहेर आलेला माणूस समुपदेशक म्हणून नव्या रुग्णासमोर बसतो. तो बोलायला लागला की समोरच्याची मान वर होते.

आपल्या घरात हे दुखणं असेल तर दोन गोष्टी सांगायच्या आहेत. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम, आपल्या मनानं बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. आणि अंगातली दारू उतरली म्हणजे काम झालं, असं समजू नये. तेव्हाच गटाची खरी गरज लागते, कारण पुढची प्रत्येक शनिवार संध्याकाळ एकट्यानं काढायची असते. गट शोधणं अवघड नाही. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग, एखादं व्यसनमुक्ती केंद्र, ए.ए.चं स्थानिक कार्यालय, यांतलं कुणीही तुम्हाला पत्ता आणि वेळ सांगेल. पहिल्या बैठकीला बोललंच पाहिजे असं नाही. मागच्या खुर्चीवर बसलं तरी चालतं.

आणि पहिल्याच फोनवर काम झालं नाही, तर बिल विल्सनची यादी आठवा. त्याच्याकडे दहा नावं होती. हवा होता तो माणूस त्या यादीत नव्हताच. यादीतल्या कुणीतरी अकरावं नाव सांगितलं, आणि त्या नावाच्या पलीकडे तो सापडला. फोन ठेवू नका.